मिल्क अ‍ॅनालायझरचा कस्टम्स कोड ठरतो कसा?

हा आजच्या भागाचा लेखी मसुदा. आकुर्डी ते शिवाजीनगर लोकलच्या खडखडाटात नीट ऐकू येत नाही म्हणणाऱ्यांसाठी खास. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून या भागात मसुदा जवळ असलेला बरा.

मी आकुर्डीत बसून दूध संकलन केंद्रांत चालणाऱ्या मशिनसाठी सॉफ्टवेअर लिहितो. केंद्रावरचं काम तुम्ही गावाकडे पाहिलं असेल. शेतकरी कॅन घेऊन येतो, दुधाचं वजन होतं, नमुना मशिनमध्ये जातो, फॅट आणि एसएनएफ स्क्रीनवर येतात, पावती निघते. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा भाव बरीच वर्षं ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगितला जातो. त्याखाली एखादा पॉइंट घसरला की लिटरमागे पैसे कापले जातात. म्हणजे त्या छोट्या डब्यावर एका घराचा रोजचा हिशोब उभा आहे.

असे बरेच डबे, किंवा त्यातले सेन्सर, परदेशातून येतात. डेन्मार्क आणि बल्गेरिया ही त्यातली दोन मोठी नावं. बंदरावर किंवा विमानतळावर माल उतरला की पहिला प्रश्न येतो : याचा एचएस कोड काय?

आठ आकडे म्हणजे काय?

एचएस म्हणजे जगभरातल्या वस्तूंची एक सामायिक यादी. १९८८ पासून लागू आहे आणि ब्रुसेल्सची जागतिक सीमाशुल्क संघटना ती सांभाळते. पहिले दोन आकडे प्रकरणाचे, चार झाले की हेडिंग, सहा झाले की उपहेडिंग. इथपर्यंत सगळ्या देशांत सारखं. पुढचे दोन आकडे भारताचे स्वतःचे. प्रोग्रामर लोकांसाठी सांगायचं तर हा एक ट्री आहे, आणि प्रत्येक वस्तूला शेवटी एकच पान मिळतं.

या ट्रीमधून खाली उतरायचे नियमही ठरलेले आहेत. पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम : हेडिंगचे शब्द आणि प्रकरणाच्या टिपा वाचा. बॉक्सवर काय छापलंय किंवा बाजारात त्याला काय म्हणतात, ते नंतर.

पहिला चकवा : ८४३४

हेडिंग ८४३४ मध्ये दूध काढायची यंत्रं आणि डेअरी मशिनरी आहे. ‘डेअरी’ शब्द दिसला की कोणालाही वाटतं, आपलं मशिन इथलंच. पण ही यंत्रं दूध काढतात किंवा दुधावर प्रक्रिया करतात. अ‍ॅनालायझर दुधाचं काहीच करत नाही, फक्त दुधात काय आहे ते सांगतो. अशी उपकरणं प्रकरण ९० मध्ये, हेडिंग ९०२७ खाली येतात : भौतिक किंवा रासायनिक विश्लेषणाची उपकरणं. आणि ज्या विभागात ८४३४ आहे, त्याच्या पहिल्याच टिपेत लिहिलंय की प्रकरण ९० च्या वस्तू इथे आणू नका. विषय संपला.

दुसरा प्रश्न : प्रकाश की आवाज?

आता ९०२७ च्या आत. इथे मशिन मोजतं कसं, यावर कोड फिरतो.

मोठ्या डेअरीच्या लॅबमधलं मशिन बहुधा इन्फ्रारेडवर चालतं. फॅट, प्रोटीन, लॅक्टोज वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतात, त्यावरून प्रमाण काढलं जातं. प्रकाश आला की ९०२७ ३० (स्पेक्ट्रोमीटर वगैरे) किंवा ९०२७ ५० (प्रकाशकिरण वापरणारी इतर उपकरणं). या दोघांतलं कुठलं, हे आतल्या रचनेवर ठरतं.

गावच्या केंद्रावरचं मशिन मात्र बहुतेक वेळा अल्ट्रासॉनिक असतं. दुधातून आवाज किती वेगाने जातो, ते दोन तापमानांना मोजून फॅट आणि एसएनएफ काढतं. इथे प्रकाश नाही, म्हणून ‘इतर’ गटात, ९०२७ ८९. जुन्या कागदांवर ९०२७ ८० दिसेल, कारण १ जानेवारी २०२२ च्या आवृत्तीत त्याचे ८१ आणि ८९ असे दोन भाग झाले. ८१ मास स्पेक्ट्रोमीटरसाठी.

दोन्ही मशिनं एकच फॅट सांगतात, पण पानं वेगळी. आणि सवलतीच्या अधिसूचना अनेकदा उपहेडिंग बघूनच लिहिलेल्या असतात.

बाकीचं सामान

- लॅक्टोमीटर : दुधात तरंगून घनता सांगतो, म्हणून ९०२५.
- भेसळ किंवा अँटिबायोटिक तपासायच्या पट्ट्या : ३८२२, कारण त्या अभिकर्मक आहेत.
- गर्बर पद्धतीचं सेंट्रिफ्यूज : ८४२१.
- वजनकाटा : साधारण ८४२३.

मग काटा, अ‍ॅनालायझर, कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकाच खेपेत आले तर? नियम असा की वेगवेगळे भाग मिळून एकाच हेडिंगमधलं एक स्पष्ट काम करत असतील, तर सगळ्यांना मिळून एक कोड मिळतो. पण वजन करणं, तपासणं आणि पावती छापणं हे एक काम की तीन? इथे दोन शहाण्या माणसांचं मत वेगळं पडू शकतं.

सुट्या भागांचं आणखी वेगळं. अ‍ॅनालायझरमधला छोटा पंप फक्त याच मशिनसाठी बनवला असला, तरी त्याचा कोड पंपाचाच, ८४१३. कारण प्रकरण ९० ची दुसरी टीप सांगते की ज्या भागाला ८४, ८५, ९० किंवा ९१ मध्ये स्वतःचं हेडिंग आहे, तो तिथेच जातो. ज्याला असं घर नाही, असा खास सेन्सर ९०२७ ९० मध्ये. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिक्युअर मीटर्सच्या प्रकरणात, विजेच्या मीटरसाठी आणलेले एलसीडी मीटरचे भाग न धरता एलसीडीच्या स्वतःच्या नोंदीत धरले.

चाकणची केस

उलट बाजूही आहे. सगळे सुटे भाग मिळून जवळजवळ पूर्ण वस्तू होत असेल, तर नियम २(अ) नुसार ती पूर्ण वस्तूच समजतात. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कस्टम्सने स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला सुमारे १.४ अब्ज डॉलरची नोटीस दिली. कंपनीचे कारखाने चाकण आणि छत्रपती संभाजीनगरला. विभागाचा दावा असा की जवळपास आख्ख्या गाड्या वेगवेगळ्या खेपांतून सुटे भाग म्हणून आणल्या, आणि ३० ते ३५ टक्क्यांऐवजी ५ ते १५ टक्के शुल्क भरलं. कंपनीने हे नाकारलं आणि मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. वाद फिरतो तो याच प्रश्नाभोवती : हे भाग आहेत की गाडी?

पैशांत किती फरक?

फक्त समजण्यासाठी एक हिशोब. मशिन १,००,००० रुपयांचं, बेसिक ड्युटी ७.५ टक्के धरू. ड्युटी ७,५००, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार ७५०. झाले १,०८,२५०. यावर १८ टक्के आयजीएसटी १९,४८५. आयजीएसटीचं क्रेडिट नोंदणीकृत व्यापाऱ्याला मिळू शकतं, पण वरचे ८,२५० परत येत नाहीत. ते मशिनच्या किमतीत जातात आणि शेवटी गावच्या संस्थेच्या माथी.

चुकीच्या कोडची भीती यापुढची आहे. २०११ पासून शुल्क आयातदाराने स्वतः ठरवून भरायचं असतं. फरक निघाला तर कस्टम्स साधारण दोन वर्षांपर्यंत मागे जाऊन मागणी करू शकतं. माहिती लपवल्याचा ठपका बसला तर पाच वर्षं, वर व्याज आणि दंड. मशिनं तोवर विकून झालेली असतात. वाढीव पैसे गिऱ्हाइकाकडे मागायला जाणार कोण?

मग करायचं काय?

शंका असेल तर माल मागवण्याआधीच अग्रिम निर्णय मागता येतो. त्यासाठीचं प्राधिकरण २०२१ पासून मुंबई आणि दिल्लीत काम करतं. अर्जाची फी १०,००० रुपये, आणि निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो. आधीचे निर्णयही वाचायला मिळतात. आपल्यासारखं मशिन सापडलं तर अर्धं काम झालं.

आता माझ्यासारख्या बीटेकवाल्यांसाठी. कोड बिल ऑफ एंट्रीवर टाकतो क्लिअरिंग एजंट, पण तो विचारतो आपल्याला : ‘साहेब, हे नक्की करतं काय?’ ‘डेअरी इक्विपमेंट’ असं दोन शब्दांत उत्तर दिलं, तर तो ८४३४ कडे वळला म्हणून त्याला दोष देता येणार नाही. त्याऐवजी चार ओळी लिहून द्या : काय मोजतं, कुठल्या तत्त्वावर मोजतं, आत कुठले भाग आहेत, आणि खेपेत सोबत काय येतंय. डेटाशीट आणि एक फोटो जोडा. इनव्हॉइसवरही तेच वर्णन असू द्या. पुढे कधी प्रश्न निघाला, तर काही लपवलं नव्हतं हे दाखवायला हाच कागद कामी येतो.

तुमच्या कंपनीत एखादी वस्तू बाहेरून येत असेल, तर तिचा कोड शोधून बघा आणि हेडिंगचे शब्द एकदा नीट वाचा. पटलं नाही तर कळवा, एखाद्या भागात घेऊ. भेटू पुढच्या आठवड्यात!