झिन: लिनक्सवरचा खुला सिंथेसायझर

झिनअ‍ॅडसबएफएक्स हा सॉफ्टवेअर सिंथेसायझर रोमानियातील प्रोग्रामर नास्का ऑक्टाव्हियन पॉल यांनी २००२ मध्ये लोकांच्या हाती दिला. वापरणारे त्याला नुसते ‘झिन’ म्हणतात. त्यात कोणत्याही वाद्याचे ध्वनिमुद्रण साठवलेले नाही. कीबोर्डची पट्टी दाबली की कोणता स्वर आणि किती जोराने, एवढीच माहिती मिडी या १९८३ पासून रूढ असलेल्या पद्धतीने संगणकाकडे येते. बाकी सगळा आवाज गणितातून घडतो.

हे गणित झिन तीन वाटांनी करतो. पहिल्या वाटेत वेगवेगळ्या आकाराच्या लहरी एकमेकींत मिसळतात. एका आवाजासाठी अशा आठ लहरी घेता येतात आणि एकीने दुसरीची कंपने डोलवताही येतात. दुसरी वाट उलटी आहे. सगळ्या कंप्रता एकदम असलेला खरखराट घ्यायचा आणि अरुंद गाळण्यांतून हवे तेवढेच स्वर निवडायचे. बासरीतल्या फुंकरीसारखे श्वासाळ आवाज यातून चांगले निघतात. पण झिनची खरी कमाई तिसरी वाट, म्हणजे पॅडसिंथ.

एकच माणूस गातो तेव्हा मूळ स्वर आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वर ऐकू येतात. वीस माणसे एकत्र गातात तेव्हा प्रत्येकाचा सूर किंचित इकडेतिकडे असतो, त्यामुळे प्रत्येक उपस्वर एका रेषेऐवजी पट्टा बनतो, आणि वरचे उपस्वर अधिक रुंद होत जातात. समूहगायनाचा भरदारपणा येतो तो यातूनच. पॅडसिंथ नेमका हा पट्टा आधी कागदावर आखावा तसा आखतो: कोणत्या कंप्रतेला किती जोर, हे ठरवतो, प्रत्येक घटकाची सुरुवातीची स्थिती यदृच्छेने निवडतो आणि मग व्यस्त फूरिए रूपांतराने सगळ्याची एक लांबलचक लहर बनवतो. २,६२,१४४ नमुन्यांची (म्हणजे लहरीच्या क्षणोक्षणीच्या मोजमापांची) लहर, सेकंदाला ४४,१०० नमुने या वेगाने, जवळजवळ सहा सेकंद चालते. या रूपांतराचा गुण असा की लहरीचे शेवटचे टोक पहिल्याला आपोआप जुळते. त्यामुळे ती कितीही वेळ फिरवली तरी सांधा ऐकू येत नाही. पॉल यांनी या पद्धतीचा नमुना कोड सार्वजनिक मालकीचा करून टाकला.

भारतीय संगीत शिकणाऱ्यांच्या दृष्टीने झिनमधली आणखी एक सोय मोलाची आहे. साध्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यावरचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर येतो (सेंट हे स्वरांतर मोजण्याचे बारीक माप). तानपुऱ्यात सहज ऐकू येणारा गंधार मात्र सुमारे ३८६ सेंटांवर असतो. कान तयार असलेल्याला हा फरक झोंबतो. झिनमध्ये स्वरांतरे हवी तशी लिहून देता येतात, किंवा ‘स्काला’ या प्रचलित स्वरूपातील फाइल उघडता येते, म्हणून मेळ बदलायला वाद्य बदलावे लागत नाही.

आवाज सुचणे वेगळे आणि तो वेळेवर पोचवणे वेगळे. लिनक्सवर संगीताचे काम करणारे बहुधा प्रोग्रामांचा आवाज वेळेवर पोचवणारी जॅक ही व्यवस्था वापरतात. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या वेगाने, २५६ नमुन्यांचा एक घास धरला, तर प्रोग्रामला दर वेळी पाच मिलिसेकंदांच्या आसपास मुदत मिळते. ती चुकली की ‘कट्ट’ असा आवाज येतो आणि श्रोत्यांना तो ऐकू जातो. म्हणून आवाज बनवणाऱ्या भागाला त्या वेळात नवी मेमरी मागणे, फाइल उघडणे किंवा दुसऱ्या भागासाठी थांबणे वर्ज्य असते. एक छुपा शत्रूही आहे. घुमणारा आवाज विरत जाताना संख्या इतक्या लहान होतात की काही प्रोसेसर त्यांचे गणित कमालीचे हळू करतात. शांततेतच संगणकाला दम लागतो. झिनमध्ये अशा ठिकाणी कानाला न कळणारी बारीकशी खरखर मुद्दाम मिसळली आहे.

पडद्यावरच्या घुंड्यांचा भाग आणि आवाजाचा भाग एकाच माहितीला हात लावत असल्याने जुन्या झिनमध्ये अडखळणे होई. नंतर देखभाल हाती घेतलेल्या मार्क मॅकरी यांनी हे दोन्ही भाग वेगळे केले. घुंडी फिरली की थेट बदल न करता निरोप पाठवला जातो आणि आवाजाचा भाग न थांबता तो उचलतो. हे काम वर्षानुवर्षांचे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला न दिसणारे. खुल्या प्रकल्पाचा खरा भार अशाच कामात असतो.

झिन जीपीएल या परवान्याखाली दिला गेला. तो वापरावा, आतून तपासावा, बदलावा आणि वाटावा, मात्र बदललेले वाटताना सोर्स कोडही त्याच अटींवर द्यावा, ही त्यातली मेख. हा हक्क कामाला आला २००९ मध्ये: अ‍ॅलन कॅल्व्हर्ट यांनी जॅकशी अधिक चांगले जमणारी ‘योशिमी’ नावाची वेगळी शाखा काढली आणि ती आजही स्वतंत्रपणे वाढते आहे. फाटे फुटणे हा दोष मानला जातो, पण इथे दोन्ही बाजूंना त्याचा फायदाच झाला. एलएमएमएस या संगीतरचनेच्या प्रोग्रामने तर झिनला आपल्यातच सामावून घेतले.

पैशाचा प्रश्न मात्र परवान्याने सुटत नाही. तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी मॅकरी यांनी ‘झिन-फ्यूजन’ हा नवा दृश्यभाग केला. त्याची तयार प्रत आधी विकली आणि नंतर त्याचाही सोर्स कोड खुला केला. केलेल्या श्रमाचा मोबदला मागण्यात गैर काही नाही, आणि सोर्स कोड खुला करण्याचा शब्दही पाळला गेला.

प्रकाशन म्हणजे कोड ठेवून देणे इतकेच नसते. डेबियन, फेडोरासारख्या वितरणांत तो पॅकेज होऊन बसावा लागतो, शिवाय इतर प्रोग्रामच्या आत चालणारे प्लगइनही द्यावे लागते. आणि जुनी वाद्ये जपावी लागतात. झिनचे प्रत्येक वाद्य दाबून साठवलेल्या एक्सएमएल फाइलमध्ये असते. आतला कोड कितीही बदलला, तरी कोणाच्या तरी जुन्या गाण्यात वापरलेली ती फाइल नव्या आवृत्तीत उघडली पाहिजे आणि पूर्वीसारखीच वाजली पाहिजे.