भिंतीवरची तसबीर आणि तिची निवड

सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या रस्त्यावर तामलवाडी हे तुळजापूर तालुक्यातील गाव लागते. कोजागरीच्या सुमारास या रस्त्याने पायी जाणाऱ्या भाविकांपैकी अनेकजण परतताना तुळजाभवानीची, किंवा शिवरायांना तलवार देणाऱ्या भवानीची, तसबीर घरी घेऊन जातात. कॅमेऱ्याशी काडीचा संबंध नसलेल्या या छापील चित्राला या भागात सर्रास ‘फोटो’ म्हटले जाते, आणि घरात टांगलेली कलाकृती म्हणून त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः चित्रकला सामान्य मराठी घरात शिरली ती अशा छापील चित्रांच्याच वाटेने. त्यामुळे उत्तम छपाईची चित्रे निवडून घर सजवणे ही शहरातून आलेली नवी हौस आहे, असे मानण्याचे कारण नाही.

या वाटेची सुरुवात शिळाछापाने झाली. गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट खडूने चित्र काढून दगड ओला केला की कोरा भाग पाणी धरतो, तेलकट रेघा तेवढ्या शाई धरतात आणि कागद दाबला की चित्र उमटते. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या साध्या गुणावर आधारलेले हे तंत्र आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात शोधले. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा दगड वेगळा करावा लागे आणि एका रंगावर दुसरा नेमका बसवण्यात कारागिराची कसोटी लागे. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने निघालेल्या चित्रशाळेने देवदेवतांची व पेशवाईतील पुरुषांची रंगीत चित्रे छापली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. त्यासाठी यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणले गेले, आणि मुंबईत प्लेगची साथ पसरल्यानंतर तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवण्यात आला. तेथील छपाईला ‘ओलिओग्राफ’ म्हणत, कारण छापलेल्या कागदावर वार्निश देऊन आणि कॅनव्हासचा पोत दाबून तैलचित्राचा भास निर्माण केला जाई. राजवाड्यातल्या लक्ष्मी-सरस्वतीला त्यामुळे कौलारू घरात जागा मिळाली. कोणी तिच्या साडीवर खरी जर चिकटवली, तर कोणी काचेवरच कुंकू लावले.

जुन्या घरांत ही चित्रे उंचावर, खुंटीला दोरीने बांधून पुढे झुकवलेली असत, कारण घरातली माणसे जमिनीवर बसत आणि वर पाहणाऱ्याला चित्र त्याच कोनातून नीट दिसे. खुर्च्या-सोफे आले तरी चित्रे छताजवळच राहिली आणि घराची शोभा बिघडली. बैठक बदलली की चित्राची उंचीही बदलायला हवी. उभ्या माणसाच्या नजरेशी, म्हणजे जमिनीपासून साधारण पाच फुटांच्या आसपास चित्राचा मध्य यावा, आणि चित्राखाली मुख्यतः बसूनच वावर असेल तर आणखी थोडा खाली.

विकत घेताना दोन गोष्टींतला फरक ओळखणे अगत्याचे आहे. लाकूड, लिनोलियम, धातूचा पत्रा किंवा शिळा यांवर कलावंताने स्वतः केलेल्या ठशावरून मोजक्या प्रती काढल्या जातात, तेव्हा अशा प्रतीला मुद्राचित्र म्हणतात. खाली पेन्सिलीने केलेल्या सहीशेजारी ७/२५ असा आकडा असेल, तर ती पंचवीस प्रतींपैकी सातवी प्रत होय. दुसरीकडे, एखाद्या रंगचित्राचे डिजिटल छायाचित्र घेऊन छापलेली ती प्रतिकृती. प्रतिकृती घेण्यात कमीपणा नाही, मात्र तिची किंमत मुद्राचित्राची सांगितली जात असेल तर ती फसवणूक ठरते. भिंगातून पाहिले की बाजारी ऑफसेट छपाईत चार रंगांच्या ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते.

प्रतिकृतीचे आयुष्य शाई आणि कागद ठरवतात. ‘डाय’ म्हणजे द्रवात विरघळलेला रंग उजेडात लवकर उडतो, तर ‘पिगमेंट’ म्हणजे न विरघळणाऱ्या कणांची शाई बराच काळ टिकते. साध्या लगद्याच्या कागदातील लिग्निन हा लाकडी घटक काही वर्षांत कागद पिवळा करतो. म्हणून आम्लरहित, शक्यतो सुती कागद मागावा. बारा बाय अठरा इंचांच्या चित्रासाठी इंचाला तीनशे ठिपके धरले तर मूळ प्रतिमा ३६०० बाय ५४०० पिक्सेलची हवी. मोबाइलवर आलेले पुसट चित्र मोठे करून छापण्यात पैसे वाया जातात.

भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षांनी चित्रावरील स्वामित्वहक्क संपतो. रविवर्मा १९०६ मध्ये आणि त्यांच्या छापखान्यासाठी चित्रे काढणारे कोल्हापूरचे म. वि. धुरंधर १९४४ मध्ये निवर्तले असल्याने त्यांच्या चित्रांची प्रतिकृती कोणालाही काढता येते. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्रांबाबत ती मुभा अद्याप नाही. हक्काचा प्रश्न सुटला की उरते ती निवड. सोफ्याच्या कापडाशी रंग जुळतो एवढ्यावरून चित्र निवडणे ही सर्वांत वाईट रीत होय, कारण सोफा पाच-सात वर्षांत बदलतो. लहान खोलीत आठ फुटकळ चौकटींपेक्षा एकच मोठे चित्र शोभते.

धाराशिव जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपुढे जातो, त्यामुळे पश्चिमेचे ऊन थेट पडणारी भिंत चित्रासाठी वर्ज्य समजावी. चित्र आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा माउंट ठेवावा, कारण काचेला टेकलेला कागद दमट हवेत तिला चिकटतो. चौकटीमागे बुचाचे तुकडे लावून भिंतीशी थोडी फट ठेवली, तर पावसाळ्यातील ओल चित्रापर्यंत पोचत नाही आणि कसरीलाही लपायला जागा राहत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात या भागातील दगडमातीची अनेक घरे कोसळली आणि पुढे त्यांच्या जागी विटा-सिमेंटची घरे उभी राहिली. जी जुनी घरे अजून शिल्लक आहेत, त्यांच्या माळवदाखालच्या धुराने काळवंडलेल्या तसबिरी घर पाडताना राडारोड्याबरोबर कचऱ्यात जातात. अशी तसबीर टाकून देण्यापूर्वी तिची मागची फळी अलगद काढून चित्राचा खालचा समास वाचावा. तेथे चित्रशाळेचे किंवा रविवर्मा छापखान्याचे नाव आढळल्यास कागद पाण्याने पुसू नये, आणि जाणकाराला दाखवल्यावाचून ती भंगारवाल्याला देऊ नये.