लाल टोपीखालचे चेहरे

६ मार्च २०१८ला नाशिकहून मुंबईकडे निघालेला किसान सभेचा लाँग मार्च देशाने पाहिला तो उंचावरून. कसारा घाटातली वळणं आणि त्यावरून उतरणारी लाल टोप्यांची रांग. मोर्चा केवढा आहे हे त्या छायाचित्रांतून कळतं, कोण चाललंय ते कळत नाही. मला मात्र रांगेत शिरून एकेकाला टिपायचं होतं, आणि त्याचं कारण मागण्यांतच होतं. कर्जमाफी, हमीभाव सगळ्यांचेच. पण सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडच्या आदिवासींना वनजमिनीचा पट्टा हवा होता. २००६च्या वनहक्क कायद्यात वैयक्तिक दावा माणसागणिक वेगळा असतो. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जमीन कसतोय हे ज्याचं त्याने सिद्ध करायचं. कुणाकडे वनखात्याने केलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या, कुणाच्या बाजूने फक्त गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब. गर्दी एक असली तरी फाइल प्रत्येकाची निराळी.

मोर्च्यात कुणाला थांबवायचं नाही, आपण उलटं चालायचं. मागचा खड्डा दिसत नाही, तो समोरचेच लोक ओरडून सांगतात. लेन्स ३५ मिलिमीटरची. तिने चेहरा भरायचा तर हातभर अंतरावर जावं लागतं, म्हणजे आपोआप बोलावं लागतं. लांबच्या लेन्सने चोरून टिपलेल्या चेहऱ्यात मला पहारेकऱ्याची नजर दिसते.

महामार्ग ढोबळमानाने नैर्ऋत्येला जातो. त्यामुळे सकाळी ऊन चालणाऱ्यांच्या पाठीवर, चेहरे सावलीत. दुपार कलली की ऊन थेट तोंडावर आणि डोळे बारीक. त्यात लाल रंगाचा त्रास. भर उन्हात लाल टोपी सेन्सरवर फुटते, कापडाची शिवणसुद्धा उरत नाही. एक्स्पोजर उतरवलं तर टोपी सुधारते, पण तिच्याखालचा सावळा चेहरा बुडतो. मी चेहरा धरला, टोपी फुटू दिली. झेंड्यातून गाळून आलेलं ऊन गालावर पडलं की त्वचा तांबूस दिसते. ती लाली मी नंतर काढली नाही.

“मावशी, फोटो काढू?” म्हटलं की पदर सावरला जातो, मान ताठ होते, हसू मावळतं. आमच्या धंद्यात ही फ्रेम टाकाऊ समजतात. खरी फ्रेम म्हणे त्यानंतरची, माणूस सैल झाल्यावरची. मला ते पटत नाही. स्वतःला कसं दाखवायचं हे त्या बाईने त्या ताठ मानेतून ठरवलेलं असतं. मी दोन्ही काढतो आणि छापायला पहिली देतो.

त्या दिवसांत फोडांनी सोललेल्या तळव्यांची छायाचित्रं सगळीकडे फिरली. मुंबईला पाझर फुटला तो बराचसा त्यांनीच, हे मान्य. पण तळव्याखाली नाव कोण लिहितं? चेहऱ्याखाली लिहावंच लागतं. नाव, पाडा, तालुका. चालता चालता लिहिलेलं अक्षर रात्री स्वतःलाच लागत नाही, म्हणून मी नावं रेकॉर्डरवर त्यांच्याच तोंडून घेत गेलो. काहींनी हात आडवा धरला. कुणाला पोलिसांची धास्ती, कुणी घरी न सांगता आलेलं. तिथे कॅमेरा खाली. कुणी पिशवीतून दाव्याचे कागद काढून दाखवले तर कागदावरचं वाचता येणार नाही अशी फ्रेम धरायची.

११ मार्चला मोर्चा मुंबईत सोमय्या मैदानावर पोचला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांची अडचण नको म्हणून लोक मुक्काम सोडून रात्रीच आझाद मैदानाकडे निघाले. अंधारात चालत्या माणसाचा चेहरा धारदार येत नाही. बहुतेक फ्रेम हलल्या.

१२ तारखेला सरकारने लेखी आश्वासन दिलं, परतीसाठी खास गाड्या सोडल्या. मैदानातून निघताना एक आजोबा बायकोला घेऊन आले. वाटेत मी त्यांचा एकट्यांचा फोटो काढला होता, तो त्यांना चालणार नव्हता. लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो, असं कायद्यातच आहे.

“दोघांचा काढ,” ते म्हणाले.

काढला. आजींनी कनवटीला हात घातला. “किती झाले?”

“काही नाही, आजी.”

“मग आणखी एक काढ. ह्यांची टोपी वाकडी होती.”