जुनी डेकची होडी घ्यायची का? पैसे देण्याआधी हे तपासा



वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या ताई पर्यटकांना कांदळवनाची सफर घडवतात, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. ते बघून आपल्या खाडीकाठच्या गटांनाही वाटतं, आपणही एक होडी घ्यावी. वर सपाट डेक, दोन्ही कडेला बाक आणि मागे इंजिन, अशी लहान फायबरची. नवी परवडत नाही. मग कुणीतरी सांगतं, "अमक्याची जुनी आहे, स्वस्तात देतोय."

अशी होडी घ्यावी की नाही, ते कसं ठरवायचं? मी समाजकार्य शिकले. होडीचं मला फायबरचं काम करणाऱ्या मिस्त्रींनी आणि तांडेलांनी शिकवलं. त्यातलं आपल्या कामाचं इथे देते.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. जुनी होडी घेताना आपण तिची उरलेली वर्षं विकत घेत असतो. म्हैस घेताना आपण नुसती किंमत बघतो का? दात बघतो, दोन वेळचं दूध स्वतः काढून बघतो. शिंगांना तेल लावून चकचकीत केलेली म्हैस दिसली की उलट संशय येतो. होडीचंही तसंच आहे. ताजा रंग दिसला की जास्त बारकाईने बघा.

होडी पाण्याबाहेर बघा

होडी काठावर ओढून, सुकलेली असताना बघायची. पाण्यात तरंगणाऱ्या होडीचा तळ दिसत नाही आणि खरी गोष्ट तळातच असते.

तळावर हात फिरवा. फोड आलेत का? फोड फोडल्यावर आंबट वासाचं पाणी आलं तर पाणी फायबरच्या आत शिरलेलं आहे. केसाएवढ्या बारीक चिरा नुसत्या वरच्या थरात असतील तर फार काळजी नाही. पण कोपऱ्यात किंवा जोडाजवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या चिरा म्हणजे तिथे ताण येतोय.

मग स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन सगळीकडे हळू ठोकत जा. घट्ट, खणखणीत आवाज आला तर चांगलं. "थप थप" असा बसका आवाज आला तर आतलं लाकूड कुजलंय किंवा थर सुटलेत. मडकं घेताना वाजवून बघतो ना, तसंच हे.

मागचा उभा फळा, ज्यावर इंजिन बसवतात, तो नीट बघा. फायबरच्या आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपून ते कुजतं आणि बाहेरून काही दिसत नाही. इंजिन वर उचलायला सांगा आणि खालचा भाग धरून मागेपुढे हलवा. फळा इंजिनाबरोबर हलला तर मोठं काम निघणार.

डेकवर अनवाणी चालून बघा. पाय दबत असेल, स्पंजसारखं लागत असेल तर खालचा भाग कुजलेला. डेकखालचं झाकण उघडायला लावा. पाणी साचलंय का? तरंगण्यासाठी भरलेला फोम ओला आहे का? ओला फोम म्हणजे कायमचं ओझं. अशी होडी पाण्यात जास्त खोल बसते आणि माणसं कमी नेते.

इंजिन थंड असताना जा

मालकाला आधीच सांगा, आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गेल्यावर हात लावून बघा. गरम असेल तर का तापवून ठेवलं, ते विचारा. थंड इंजिन किती प्रयत्नांत सुरू होतं, ते आपल्यासमोर बघायचं.

चालू झाल्यावर बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार सतत यायला हवी. त्या धारेवरून इंजिन थंड ठेवणारा पंप चालतोय, हे कळतं. खालच्या गिअरचं थोडं तेल काढायला लावा. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. पंखा वाकडा आहे का, दांडा डुगडुगतो का, तेही बघा. आणि विचारा, या इंजिनाचे सुटे भाग आपल्या तालुक्यात मिळतात का?

खाडी उथळ असेल, फेरी लहान असेल, तर वल्ह्यांच्या होडीचाही विचार करा. तेलाचा खर्च वाचतो आणि आवाज नसल्यामुळे पक्षीही उडून जात नाहीत.

मग पाण्यात चालवून बघा

जेवढी माणसं नेणार तेवढ्या वजनाची वाळूची पोती ठेवा. माणसं मोजकीच चढा, सगळ्यांनी लाईफ जॅकेट घालूनच. अर्धा तास चालवा. पूर्ण वेग, दोन्ही बाजूंना वळण, मागे घेणं, सगळं करून बघा. परत आल्यावर डेकखाली पुन्हा डोकवा. नवीन पाणी आलंय का?

कागद नसतील तर होडी नाही

होडी कुणाच्या नावावर आहे? कागदावरचा नोंदणी क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक प्रत्यक्षाशी जुळतो का? तिच्यावर कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला मागा.

सगळ्यात महत्त्वाचं, मासेमारीसाठी नोंदलेली होडी म्हणजे प्रवासी होडी नव्हे. प्रवासी नेण्यासाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाची परवानगी आणि होडीची तपासणी लागते. किती माणसं न्यायची हेही ठरवून मिळतं. म्हणून इसार देण्याआधी जवळच्या बंदर कार्यालयात कागद दाखवा आणि विचारा, "या होडीला प्रवासी परवाना मिळेल का?" उद्या काही अघटित घडलं तर जाब आपल्या गटालाच द्यावा लागेल. त्या होडीत कुणाची तरी लेकरं बसलेली असतील.

हिशेब मांडा

आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुमचे तुम्ही भरा. समजा मालक 2,40,000 रुपये मागतो. मागच्या फळ्याचं काम 45,000, इंजिन दुरुस्ती 18,000, 14 लाईफ जॅकेट 16,800, नाव बदल, परवाना आणि विमा मिळून 20,000. एकूण झाले 3,39,800. म्हणजे "स्वस्त" होडी एक लाखाने महाग झाली.

आता कमाई. एका फेरीला सरासरी 6 माणसं, प्रत्येकी 200, म्हणजे 1,200 रुपये. तेल आणि तांडेलाची मजुरी 550 गेली, उरले 650. पावसाळ्यात फेऱ्या बंद. बाकीच्या महिन्यांत 90 दिवस, दिवसाला 2 फेऱ्या मिळाल्या तर 1,17,000. वर्षाची देखभाल 25,000 वजा केली की हातात 92,000. घातलेले पैसे परत यायला साडेतीन वर्षांच्या वर लागणार. यात कर्जाचं व्याज नाही आणि आपल्या बायांची मजुरीही धरलेली नाही.

म्हणून मिस्त्रींना एकच प्रश्न विचारा: "ही होडी अजून किती वर्षं चालेल?" उत्तर तीन-चार वर्षं असेल तर सोडून द्या, कितीही स्वस्त असो. आठ-दहा असेल तर बोलणी करा आणि दुरुस्तीचा खर्च किमतीतून कमी करून मागा.

गटाने काय करायचं

बघायला किमान तिघी जा. मिस्त्री आपला न्या, मालकाने आणलेला नको. त्याची दिवसाची मजुरी देणं परवडतं. तो काय म्हणाला ते तिथेच वहीत लिहा. जेट्टीवर कुणी म्हणेल, "तुम्हा बायकांना होडीतलं काय कळतंय?" म्हणू दे. आपण ठोकत राहायचं, झाकणं उघडत राहायचं. "आजच इसार द्या, दुसरं गिऱ्हाईक आहे," असं म्हणाला तर सांगा, बैठकीत ठराव झाल्याशिवाय आमचा पैसा हलत नाही. ठराव झाल्यावरही पैसे बँकेतून द्या, पावती घ्या.

गटाचा पैसा म्हणजे दर महिन्याला पोटाला चिमटा घेऊन साठवलेला पैसा. कुणाची होडी बघायला जाणार असाल तर आधी बैठकीत हे पान मोठ्याने वाचा आणि कोणती ताई काय तपासणार, ते वाटून घ्या. हिशेबाचा कागद भरताना अडलात तर मला बोलवा, आपण बसून भरू.

तुमची क्षेत्र समन्वयक