वस्तीवरचे युवक मंडळ

मी राहतो खारघरला. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर या भागांतून कितीतरी मुले शिकायला इकडे येतात आणि चौघे-पाचजण मिळून एक खोली घेऊन राहतात. त्यांतल्या एखाद्या कॅथलिक मुलाला मी विचारतो, "गावी मंडळात होतास ना? मग इथं कुठं जातोस?" उत्तर बहुधा ठरलेले, "कुठंच नाही, सर. ओळखीचं कुणी नाही." आजचे भाषण या उत्तराविषयीच आहे.

कॅथलिक चर्चच्या व्यवस्थेत एका बिशपांच्या देखरेखीखालील प्रदेशास धर्मप्रांत म्हणतात. नाशिक धर्मप्रांत १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. नाशिक, अहिल्यानगर म्हणजे पूर्वीचे नगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार, असे जिल्हेच्या जिल्हे त्यात येतात. युवकांच्या कामासाठी नेमलेले फादर झाले तरी किती वस्त्यांवर पोहोचणार? तेव्हा खरे काम उभे राहते ते वस्तीवरच्या लहानशा मंडळावर.

अशा मंडळाने करायचे काय? बेल्जियममधील धर्मगुरू जोसेफ कार्दाइन यांनी १९२५ साली कामगार तरुणांची संघटना उभारली. पाहा, पारखा, कृती करा, ही त्यांची त्रिसूत्री. १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या परिपत्रकात तिचा पुरस्कार केला. आता समजा, गावातल्या मुलींची शाळा दहावीनंतर सुटते आहे. किती मुली घरी बसल्या, हे मोजणे म्हणजे पाहणे. एस.टी.ची वेळ जुळत नाही, की घरी पैसा नाही, की धाकटी भावंडे सांभाळायची आहेत, याचा शोध घेऊन शुभवर्तमानाच्या उजेडात विचार करणे म्हणजे पारखणे. आणि बसची वेळ बदलावी म्हणून सगळ्यांनी सह्या करून आगारात अर्ज नेऊन देणे, ही कृती.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. २०२१ पासून धर्मप्रांतांतला जागतिक युवक दिन ख्रिस्तराजाच्या रविवारी, नोव्हेंबरात येतो. नेमका तेव्हा आपल्याकडे उसाचा हंगाम सुरू असतो. तोडणीला गेलेल्या घरांतली मुले त्या मेळाव्याला यायची कशी? दिवस जरूर पाळावा. पण शिबिर ठेवायचे ते ही मुले गावी परतल्यावर. नाहीतर ज्यांना मंडळाची गरज अधिक, तीच बाहेर राहतात.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. शिकून तयार झालेला चिटणीस दोन-तीन वर्षांत नोकरीला जातो. चिटणीस मुलगी असली तर लग्न होऊन सासरी जाते. मग मंडळाची वही पेटीत पडते! म्हणून प्रत्येक चिटणीसाच्या हाताखाली पहिल्या दिवसापासून एक धाकटा सोबती हवा. बैठक त्यानेही चालवावी, हिशेब त्यानेही लिहावा; चुकला तर चुकू द्यावे.

आणि गाव सोडून जाणाऱ्याचे काय? खारघर येते मुंबई महाधर्मप्रांतात. म्हणजे मुलगा रायगड जिल्ह्यात उतरला की त्याचा धर्मप्रांत बदलतो आणि गावच्या वहीतून त्याचे नाव गळते. तो गेला, एवढेच तिथे ठाऊक. तो आला, हे इथे कुणालाच ठाऊक नाही. गावच्या फादरांनी किंवा चिटणीसाने इथल्या चर्चला चार ओळींचे पत्र धाडावे, निदान एक फोन करावा. आणि इथल्या मंडळातल्या कुणीतरी त्या खोलीचे दार ठोठवावे. एवढे झाले, तर "ओळखीचं कुणी नाही" हे उत्तर मला वर्षानुवर्षे ऐकावे लागणार नाही.