टायर वाढले, गिअर गोंधळले

अमेरिकेत युटामधल्या मोॲबच्या खडकांवर जीप रँग्लर रुबिकॉन चढवणारे हौशी लोक मूळचे ३३ इंची टायर काढून ३७ इंची बसवतात. गाडी उंच होते, रुबाब वाढतो. पण टायर आता एका फेरीत १२ टक्के जास्त अंतर कापतो आणि जमिनीवरचा रेटा त्याच हिशेबाने घटतो. ॲक्सलमधलं ४.१० हे गुणोत्तर ३.६६ असल्यासारखं वागू लागतं.

खरी पंचाईत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. गिअर कधी बदलायचा हे त्याचा संगणक शाफ्टच्या फेऱ्या आणि ॲक्सिलरेटर पाहून ठरवतो. टायर बदलल्याचं त्याला कोण सांगणार? चढावर तो वरचा गिअर टाकतो, इंजिनाला दम लागतो, लगेच खालचा, पुन्हा वरचा. या धरसोडीत टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल तापतं. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६७ने पळत असते. (हे पोलिसांना पटवून पाहा!)

संगणकात टायरचं नवं माप भरलं की आकडे सुधारतात, ओढ नाही. त्यासाठी ॲक्सलचे क्राउन-पिनियन ४.५६ किंवा ४.८८चे घालावे लागतात, तेही पुढचे-मागचे दोन्ही. मोठ्या टायरचा हिशेब मांडताना हा खर्च आधी धरा.