बिल्ड झालं, पण ॲप का कोसळलं?

तर मंडळी, परवा माझं ॲप व्यवस्थित बिल्ड झालं आणि फोनवर उघडताच कोसळलं. ‘नो सच मेथड एरर’! झालं काय, तर दोन मॉड्यूल्स एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या मागत होती. अशा वेळी ग्रेडल मुकाट्याने सगळ्यांत नवी उचलतं. मेव्हन मात्र झाडात जवळची असेल ती घेतं. नव्या आवृत्तीत जुनी मेथड काढून टाकलेली असली, की संपलं!

म्हणून आधी ग्रेडलचा ‘डिपेंडन्सीज’ टास्क चालवून ते झाड बघा. कोण कोणाला ओढून आणतंय, ते तिथे दिसतं. आणि सरसकट ‘एपीआय’ लिहीत सुटू नका बरं का. लायब्ररीचे टाइप तुमच्या मॉड्यूलच्या पब्लिक फंक्शन्समध्ये दिसत असतील तरच ते, नाहीतर ‘इम्प्लिमेंटेशन’. त्याने आवृत्त्यांचं भांडण मिटत नाही, पण वापरणाऱ्या मॉड्यूल्सना उगाच पुन्हा कंपाइल व्हावं लागत नाही. आवृत्त्यांचे आकडे मात्र एकाच व्हर्जन कॅटलॉगमध्ये ठेवा.